मेरेंद

चांदरच्या त्या वाड्यावर पोचते तेव्हा
पावणेचार झालेले असतात.
पाठीवर बॅग, हातात बिलाचं यंत्र,
तोंडात आकडे:
तीनशे बारा, तीनशे त्र्याण्णव, बंद घर, कुत्रा.

काश्तान आल्फोंसचा मीटर मागच्या पडवीत.
तिथवर जायला गुलबक्षीतून वाट काढावी लागते.
कमरेएवढं रान नुसतं.
एकाच झाडावर राणी रंग, पिवळा,
आणि एक फूल असं
की त्याला ठरवताच आलं नाही,
अर्धं हे, अर्धं ते, वर शिंतोडे.

‘तुमची गुलबक्षी माजलीय,’ मी म्हटलं पहिल्यांदा.
तीस वर्षं बोटीवर भंडारी होता तो.
कांद्यावरची नजर न उचलता म्हणाला,
‘गुलबक्षी कोण? आमी हाका मेरेंद म्हणटात.’

मेरेंद म्हणजे चारचं खाणं.
दुपारचं जिरलेलं, रातचं लांब,
त्या मधल्या पोकळीत
कपभर काळा चहा
आणि एक काकण, बुडवल्याखेरीज दाताला दाद न देणारं.
पोर्तुगीज गेले, शब्द मागे विसरला,
तो कुणी तरी उचलून कुंपणापाशी लावला,
कारण हे फूलही तोंड उघडतं
नेमकं तेव्हाच.

मला हसू आलं.
सांखळीच्या शाळेत बाईंनी सांगितलं होतं,
गुल म्हणजे फूल,
आणि पुढचं कुठल्याशा शहाचं नाव,
बोलून बोलून झिजलेलं.
तिकडे राजाचं फूल.
इकडे भुकेचं.

‘आणि ढग आले की?’
‘मग तीं चुकतात. तीनांकच फुलतात.’
‘मग तुम्ही?’
‘हांवूय चुकतां,’ म्हणाला,
आणि दुसरा कप काढला,
कपाटातला, कान तुटलेला.
तो कुणाचा होता ते मी विचारलं नाही.
प्रुदेंसियाचा फोटो पंख्याच्या वाऱ्यानं
खिळ्यावर हलत होता.

माझी आई माहेरी कृष्णी होती.
तांदळात अंगठी फिरवून
बाबांनी तिची इंदिरा केली.
पुढे तेही नाव पेटीत गेलं,
उरली वहिनी, मामी, अगो, ऐकलंस का.
पण भांडी पालथी घातल्यावर
आणि तुळशीपाशी दिवा लावायच्या आधी
ती मागच्या पायरीवर बसायची
बशीत चहा ओतून,
पदर सैल, पाय लांब केलेले,
आणि फुंकर मारता मारता काहीबाही गुणगुणायची.
तेव्हा तिला कुणीच हाक मारत नसे.
आम्ही पोरं दारामागून बघायचो,
ही कोण बाई आहे म्हणून.

त्या वेळेला काही नाव असतं
हे मला कुठे ठाऊक होतं.

निघताना काश्ताननं हातावर बी ठेवलं,
काळं, सुरकुतलेलं, थेट मिऱ्यासारखं.
‘खावंक ना हां,’ भंडाऱ्याच्या आवाजात.
फाटक्या बिलात सात दाणे बांधले.
पुडीवर काय लिहू?
पेन उघडून उभी राहिले कुंपणापाशी.
शहाचं नाव लिहू, की चहाचं?
मडगावच्या माझ्या खोलीत
खिडकीतल्या डब्याला काहीही चाललं असतं.

शेवटी आकडाच लिहिला.
दिवसभर तेच तर लिहिते.
४.

मग फोन लावला.
‘आत्ता? कसली गो हाक ही, अवेळी?’
‘सहज.’
पलीकडे बशीवर फुंकर.
मागे माझ्या
एकेक फूल सुटत होतं मुठीतून,
पिवळं, राणी, न ठरलेलं,
आणि मी म्हटलं, हळूच,
‘कृष्णी, चहा घेतलास?’

बराच वेळ काही नाही.
मग एक घोट, मोठा, आवाज करून.